ऑगस्टमध्ये काढलेलं सर्टिफिकेट

थोडं लांब आहे, पण घरातलं कुणी एमआयडीसीत कामाला जात असेल तर पूर्ण वाचा.

मे महिना लागला, कूलरमध्ये नवं गवत भरलं की मला माझीच एक सही आठवते. एका चाचणी अहवालाखाली केलेली. अहवालात खोटं काही नव्हतं, आकडे मी स्वतः मोजले होते. तरी त्या कागदाची मला आजही लाज वाटते. ती का, हे सांगायला ही पोस्ट.

मी बावीस वर्षं टेस्टिंगच्या धंद्यात काढली. अर्थिंगचे खड्डे, इन्सुलेशन, प्रेशर गेज आणि शेवटची काही वर्षं अँटीस्टॅटिक फरशा, मॅट, बूट. एका खाजगी एजन्सीत नोकरी होती. विदर्भातल्या कारखान्यांत जायचं, मोजायचं, अहवाल द्यायचा. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण ही एका कंपनीची गोष्ट नाही. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल आमच्याकडेही असंच चालतं.

रंग आणि थिनर भरायचा कारखाना होता. भरण्याच्या खोलीत अँटीस्टॅटिक इपॉक्सीची फरशी, खाली तांब्याच्या पट्ट्या, त्या पट्ट्या अर्थिंगला जोडलेल्या. वर्षातून एकदा फरशीची चाचणी. मी गेलो ऑगस्टमध्ये. आदल्या रात्रभर पाऊस होता. "टेस्टिंगवाले साहेब येणार" म्हणून सकाळीच साबणाच्या पाण्यानं फरशी पुसून लख्ख केलेली.

माझ्याकडचं सामान साधं. दोन गोल वजनं, प्रत्येकी साधारण सव्वादोन किलोचं, तळ ६३.५ मिलिमीटर व्यासाचा आणि तळाला वीजवाहक रबर. सोबत एक मीटर, जो १० किंवा १०० व्होल्टवर रेझिस्टन्स मोजतो. खोलीतलं भरण्याचं काम थांबवायचं, हवा खेळती करायची, वाफ राहिली नाही याची खात्री करायची आणि मगच मीटर बाहेर काढायचा. फरशीवर वजन ठेवायचं, वायरचं दुसरं टोक अर्थिंगला, पंधरा सेकंद थांबून आकडा लिहायचा. मग दोन्ही वजनं फरशीवर लांब लांब ठेवून त्यांच्यामधला आकडा घ्यायचा. अशा पाच जागा.

एक कंत्राटी पोरगा ड्रम हलवायला मदतीला दिला होता. पंचवीस-सव्वीसचा असेल. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काय मोजून राहिले साहेब?"

"फरशीतून करंट जातो का, ते."

"म्हणजे जायला पायजे का नाई जायला पायजे?"

मी हसलो. "तुझं काम नाही ते. ड्रम सरकव."

मित्रहो, त्या पोरानं त्या खोलीतला सगळ्यात शहाणा प्रश्न विचारला होता आणि मी तो उडवून लावला. आज उत्तर देतो.

थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, अंधारात ठिणग्या दिसतात. दोन वस्तू एकमेकींना घासून वेगळ्या झाल्या की एकीवर जास्त भार जातो, दुसरीवर कमी पडतो. चालताना दर पावलाला बूट आणि फरशी यांच्यात हेच होत असतं. तो भार जायला वाट नसली की माणसाच्या अंगावर साठतो. कोरड्या हवेत साध्या चालण्यानं अंगावर हजारो व्होल्ट चढतात. पंख्याच्या २३० व्होल्टनं माणूस मरतो आणि या हजारो व्होल्टनं नुसता चटका बसतो, कारण साठलेला भार अगदी थोडा असतो.

पण थोडा कुणाच्या हिशेबानं?

साधारण ३००० व्होल्टच्या खाली ठिणगी उडाली तर माणसाला सहसा कळतही नाही. ३००० व्होल्टवर अंगात साठलेली ऊर्जा निघते सुमारे अर्धा मिलिज्यूल. थिनरमधलं टोल्युइन घ्या. त्याची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर पेटायला पाव मिलिज्यूलही पुरतं. म्हणजे जो झटका तुम्हाला जाणवला नाही, तो टोल्युइनला पुरून उरतो. १०,००० व्होल्ट चढले असतील तर ऊर्जा होते पाच मिलिज्यूल, गरजेच्या वीसपट.

म्हणून अशा खोलीत भाराला सतत वाट हवी. माणूस, बूट, फरशी, तांब्याची पट्टी, जमीन. यातली एक कडी तुटली की बाकीच्या चार असून नसल्यासारख्या.

तर पोरा, करंट जायला पाहिजे. पण हळू जायला पाहिजे. फरशी किंवा बूट अगदीच लोखंडासारखा वाहक असेल आणि माणसाचा हात चुकून उघड्या वायरला लागला, तर त्याच वाटेनं मेनचा करंट जाईल आणि माणूस जागीच जाईल. म्हणून अँटीस्टॅटिक बुटाला खालची मर्यादा आहे आणि वरचीही. आयएसओ २०३४५ आणि आपल्याकडचं आयएस १५२९८ ही सेफ्टी बुटांची मानकं. अँटीस्टॅटिक बूट १ लाख ओहमच्या वर आणि १०० कोटी ओहमपर्यंत असावा लागतो. १ लाख ओहम मध्ये असले तर २३० व्होल्टवर जेमतेम दोन-सव्वादोन मिलिअँपिअर जातो, झटका बसेल पण जीव वाचेल.

आणि वरची मर्यादा १०० कोटी का? तेवढ्या रेझिस्टन्सच्या वाटेनं अंगावरचा भार साधारण दशांश सेकंदात तिसऱ्या हिश्शावर येतो. पुढचं पाऊल पडायच्या आत बराचसा निघून गेलेला असतो. तीच वाट १०,००० कोटी ओहमची झाली तर तेवढ्याच उतरणीला दहा सेकंद लागतात. त्याच्या दसपट झाली तर शंभर सेकंद. तोवर माणूस तीन चकरा मारून बादलीला हात लावून मोकळा झालेला असतो.

पुन्हा ऑगस्टकडे येतो. पाचही जागी आकडे झकास आले. सगळे १०० कोटींच्या आत. अहवालाच्या नमुन्यात तापमान आणि आर्द्रता यांचे रकाने होते. आर्द्रतामापक पेटीत होता, पण तो काढायचा, ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं. पुढे अजून दोन साइट होत्या. मी दोन्ही रकान्यांत एकच शब्द लिहिला: ॲम्बियंट. म्हणजे जी काय हवा असेल ती. आमच्या एजन्सीत सगळेच तसं लिहायचे. खाली लिहिलं "पास" आणि सही ठोकली.

पुढच्या मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमाराला त्या खोलीत आग लागली. ड्रममधून बादलीत थिनर काढत होते. बादली लोखंडी होती. ड्रमला आणि बादलीला अर्थिंगच्या क्लिपा लावलेल्या होत्या. म्हणजे वस्तूंची काळजी घेतलेली होती. वाफ भपकन पेटली. शेजारच्यानं फोमचं यंत्र मारलं, मिनिटाभरात विझली. जो ओतत होता त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि एका बाजूचा चेहरा भाजला. तो तोच पोरगा.

मला फोन कंपनीकडून आला. "साहेब, तुमच्या सर्टिफिकेटची एक कॉपी स्कॅन करून पाठवता का? आमचीवाली नीट दिसत नाही." तेव्हा कळलं की माझा कागद आता कुणाच्या तरी ढालीसारखा वापरला जाणार आहे. आणि तसाच वापरला गेला. फरशी पास, बूट दिलेले, क्लिपा लावलेल्या. मग चूक कुणाची? कामगाराची. अंगात नायलॉनचा शर्ट असेल, खिशात मोबाइल असेल. ठेकेदाराचा माणूस माझ्यासमोर म्हणाला, "सगळं देऊनही हे लोक ऐकत नाहीत हो."

मी त्याला बघायला वॉर्डात गेलो. हात पट्ट्यांत, चेहऱ्याला मलम. त्याची आई स्टुलावर बसलेली. त्यानं मला ओळखलं.

"तुम्हीच आल्ते ना जी पावसाळ्यात? ते वजनं घेऊन?"

"हो."

"मंग ते पास झालतं म्हणत होते."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, आईच्या हातात थोडे पैसे द्यायचा प्रयत्न केला, तिनं घेतले नाहीत. मी बाहेर आलो.

आठवड्यानं चौकशीसाठी पुन्हा मोजणी करायला मलाच बोलावलं. या वेळी पेटीतून आधी आर्द्रतामापक काढला. दुपारचे दोन, खोलीत १३ टक्के. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी यात काही नवल नाही. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, खूप धूळ आहे, पोरांना सांगून एकदा पोछा मारून घेऊ का?" मी म्हटलं, पाण्याचा थेंब पडू देऊ नका.

चार जागी आकडे ठीक आले. ऑगस्टपेक्षा वाढलेले, तरी मर्यादेत. पाचवी जागा बादली भरायच्या स्टँडसमोरची, जिथे माणूस उभा राहतो ती. तिथे मीटर १०,००० कोटींच्याही पुढे गेला. गुडघ्यावर बसून बघितलं तर रंगात किंचित फरक दिसला. दोन हात लांबीचा तुकडा. विचारल्यावर कळलं की ड्रम घासून घासून तिथली फरशी खरवडली होती, म्हणून माझ्या ऑगस्टच्या फेरीच्या आधीच कुणीतरी साधा इपॉक्सी आणून त्यावर हात फिरवला होता. दिसायला सारखा, चकचकीत. वीज अडवायला एक नंबर.

त्याचे बूटही तपासले. बूट चांगले होते, अगदी मर्यादेत. कडी तुटली होती ती बुटाच्या खाली.

मग ऑगस्टमध्ये तोच तुकडा पास कसा झाला? साबणाच्या पाण्यानं नुकतीच पुसलेली फरशी आणि पावसाळी हवा. तुकड्यावर ओलाव्याचा न दिसणारा थर होता आणि करंट त्या थरावरून शेजारच्या चांगल्या फरशीवर जात होता. मी फरशी मोजलीच नव्हती. मी पाऊस मोजला होता.

हे काही नवं ज्ञान नाही, जगभर माहीत आहे. गुलाबी अँटीस्टॅटिक पिशव्या असतात ना, त्यातल्या बऱ्याचशा प्लॅस्टिकमध्ये हवेतला ओलावा ओढून घेणारं रसायन मिसळलेलं असतं. हवा कोरडी झाली की त्यांचा जोर कमी होतो, काही काळानं रसायनही निघून जातं. कार्बन मिसळलेलं काळं प्लॅस्टिक किंवा रबर हवेवर तितकं अवलंबून नसतं. पण काळं दिसतं म्हणून कार्बनवालं, गुलाबी दिसतं म्हणून अँटीस्टॅटिक, असं नसतं. रंग कुणीही घालू शकतो. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या मानकांत असा माल आधी ४८ तास १२ टक्के आर्द्रतेत ठेवतात आणि मग मोजतात. बुटांच्या मानकात कोरड्या आणि दमट अशा दोन्ही हवांत मोजायला सांगितलंय. कोरड्यात वरची मर्यादा ओलांडते का बघायचं, दमटात खालची. हे नियम करणाऱ्यांना माझ्यासारख्यांचा ऑगस्ट माहीत होता.

इलेक्ट्रॉनिक्सचं नाव निघालंच आहे तर एक बोचणारी गोष्ट. सर्किट जोडणाऱ्या चांगल्या कारखान्यात कामगार शिफ्टला आत जाताना रोज मनगटाचा पट्टा आणि बूट मशीनवर तपासतो. लाल दिवा लागला तर आत सोडत नाहीत. का? तर अंगावर १०० व्होल्टच्या वर चढू नयेत, नाहीतर चिप खराब होते. चिपसाठी रोज तपासणी. आणि थिनरच्या खोलीत, जिथे माणूसच जळू शकतो, तिथे वर्षातून एकदा, तीही एजन्सीला सवड असेल तेव्हा. चिप खराब झाली तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. कंत्राटी पोरगा भाजला तर ठेकेदार दुसरा पाठवतो.

मी संबंधित सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. ऑगस्टच्या माझ्या अहवालात आर्द्रतेची नोंद नाही, फरशी ओली होती, त्यामुळे तो अहवाल ग्राह्य धरू नये आणि त्यावरून कामगाराला दोषी धरू नये, एवढंच. महिन्याभरात एजन्सीनं मला "आराम करा" सांगितलं. त्याची तक्रार नाही. पत्राचा उपयोग एवढा झाला की "कामगाराची चूक" हे वाक्य चौकशीच्या कागदावर टिकलं नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. चहाचा कप दोन हातांनी धरतो.

आता कामाचं. तुम्ही कामगार असा, युनियनचे असा, सेफ्टी ऑफिसर असा, की कुणाचे आईवडील, "अँटीस्टॅटिकचं सर्टिफिकेट आहे" असं कुणी म्हणालं तर पाच प्रश्न विचारा.

१. कधी मोजलं आणि तेव्हा हवेत ओलावा किती टक्के होता? रकान्यात आकडा नसेल, "ॲम्बियंट" असेल, तर चाचणी अर्धीच झाली आहे.

२. कशानं मोजलं? साध्या मल्टिमीटरनं हे काम होत नाही. तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो आणि आपल्याला हव्या असलेल्या आकड्यांच्या कितीतरी आधी हात टेकतो. इलेक्ट्रिशियनचा ५०० व्होल्टचा मेगरही यासाठी नाही, कारण या मालाचा रेझिस्टन्स व्होल्टेजप्रमाणे बदलतो. १० लाख ओहमच्या खाली १० व्होल्ट आणि वर १०० व्होल्ट ही रीत आहे. आणि टोकदार प्रोब टेकवून चालत नाही, वजनाचे सपाट इलेक्ट्रोड लागतात.

३. कुठे मोजलं? दाराजवळ, की माणूस उभा राहतो तिथे? डागडुजी केलेल्या जागा मोजल्या का? जागा मोजणाऱ्यानं निवडल्या, की दाखवणाऱ्यानं?

४. मोजण्याआधी फरशी पुसली होती का? पॉलिश किंवा मेण लावतात का? आधी आहे तशी मोजायची, मग स्वच्छ करून, पूर्ण वाळू देऊन पुन्हा मोजायची. दोन्ही आकडे लिहायचे.

५. माणूस मोजला का? फरशी वेगळी पास, बूट वेगळे पास, एवढ्यानं भागत नाही. बूट घातलेला माणूस त्या फरशीवर उभा करून हातापासून अर्थिंगपर्यंत मोजायला पाच मिनिटं लागतात.

हे प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आणि तिच्यात कामगार आणि व्यवस्थापनाचे समसमान प्रतिनिधी, हे कायद्यात लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की भोक कुठे पडलंय हे तिथे रोज उभा राहणाऱ्याला आधी दिसतं. त्या खोलीत इपॉक्सीचा हात कुणी, कधी फिरवला, हे पोरांना माहीत होतं. मी विचारलं नाही. उलट विचारणाऱ्यालाच गप्प केलं.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. तापमान, आर्द्रता आणि मोजणीचं व्होल्टेज लिहिल्याशिवाय असा कुठलाही अहवाल कोणत्याही कार्यालयानं स्वीकारू नये. विदर्भ-मराठवाड्यात ही चाचणी मार्च ते मे या काळात दुपारी व्हावी. फरशीवर साधी डागडुजी झाली तरी तेवढा तुकडा वापरण्याआधी मोजावा. आणि अहवाल मॅनेजरच्या कपाटात न ठेवता खोलीच्या दारावर लावावा, मराठीत आणि हिंदीत. यात सरकारचा एक रुपया जात नाही. कारखान्याचे जातात ते अर्धा दिवस काम थांबवल्याचे.

टेस्टिंगच्या धंद्यातल्या माझ्या जुन्या सोबत्यांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. पुढच्या साइटची घाई मलाही होती. पण पेटीतला आर्द्रतामापक बाहेर काढा. दहा मिनिटं लागतात.

ज्यांच्या घरातलं कुणी थिनर, पेट्रोल, पावडर, फटाके अशा ठिकाणी कामाला आहे, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. माझं नाव काढून टाकलंत तरी चालेल. या आठवड्यात इकडे दुपारची आर्द्रता वीसच्या खाली आहे. मोजून घ्यायचं असेल तर हेच दिवस आहेत.